घरोघरी पोहोचलेली दमयंती

गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याच्या अरण्याला लागून चोरखमारा नावाचे लहानसे गाव आहे. अशा गावातील एखाद्या घरात डोकावले, तर देवघराच्या भिंतीवर कमळात उभी असलेली लक्ष्मी दिसते आणि खुंटीवरच्या दप्तरावर चित्रपटातली एखादी राजकन्या हसत असते. ही राजकन्या परदेशातून आली. १९३७ साली अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांनी हिमगौरीच्या कथेवर चित्रपट काढला, तेव्हा तिच्या बाहुल्या आणि खेळणीही बाजारात आली. पुढे अशा राजकन्या मुलांच्या कपड्यांवर, डब्यांवर आणि वह्यांवर वावरू लागल्या. परंतु राजवाड्यातील नायिकेला सामान्यांच्या घरी आणण्याचे कार्य त्याच्या चाळीसहून अधिक वर्षे आधी आपल्या महाराष्ट्रात सुरू झाले होते. ते करणारे थोर चित्रकार म्हणजे राजा रविवर्मा होत.

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. चित्रकलेचे पहिले धडे त्यांना मामांकडून मिळाले. चौदाव्या वर्षी ते तिरुवनंतपुरमच्या राजवाड्यात आले. तैलरंगांची कला त्या काळी आपल्याकडे नवीन होती आणि ती शिकविण्यास कोणी राजी होत नसे. १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचे युरोपीय चित्रकार महाराजांचे चित्र काढण्यासाठी आले. त्यांनी धडे दिले नाहीत. केवळ काम पाहू दिले. रविवर्म्यांनी पाहून पाहूनच ती विद्या हस्तगत केली. १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले आणि त्याच वर्षी व्हिएन्ना येथेही त्यांच्या चित्राचा गौरव झाला.

पुढे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांच्याकडून रामायण-महाभारतातील प्रसंगांची चौदा चित्रे करवून घेतली. येथे एक प्रश्न उभा राहिला. सीता, दमयंती, शकुंतला यांचा वेष कसा असावा? त्यांना कोणीच पाहिले नव्हते. रविवर्मा आपल्या धाकट्या बंधूंसह प्रांतोप्रांती हिंडले, स्त्रियांचे पोशाख व अलंकार न्याहाळले आणि अखेरीस त्यांनी आपल्या नायिकांना साडी नेसविली. त्यांतील कित्येक जणी तर आपल्या आजीप्रमाणे नऊवारी नेसलेल्या आहेत!

ही चित्रे लोकांना फार आवडली. परंतु ती होती राजवाड्यात. सामान्य माणसाने ती कोठे पाहावी? राजेरजवाड्यांची चित्रे काढून रविवर्म्यांना मान आणि धन दोन्ही मिळत होते. छापखान्याच्या उद्योगात पडण्याची त्यांना काहीच गरज नव्हती. चित्रे युरोपात पाठवून छापून घ्यावीत, असे दिवाण टी. माधवराव यांनी पूर्वीच सुचविले होते. रविवर्म्यांनी मात्र जर्मनीहून यंत्रे आणविली आणि १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस काढला. तेथे प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागे. एकाच कागदावर एकामागून एक रंगांचे ठसे उमटत आणि मग चित्र पुरे होई. शकुंतलेच्या जन्माचे चित्र प्रथम छापले गेले. लक्ष्मी आणि सरस्वती थोडक्या पैशांत घरोघरी आल्या. ज्यांना त्या काळी देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही भिंतीवर देव आले. बायका त्या चित्रांवर जर आणि टिकल्या लावून देवींना हौसेने सजवीत.

परंतु दैव अनुकूल नव्हते. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. १८९९ साली छापखाना लोणावळ्याजवळील मळवली येथे हलवावा लागला. कर्ज वाढत गेले. शेवटी रविवर्म्यांनी तो छापखाना आणि आपली चित्रे छापण्याचे हक्क तेथील जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांना विकून टाकले. त्यानंतर त्यांच्या चित्रांचा खरा सुकाळ झाला. दिनदर्शिका, आगपेट्या आणि औषधांच्या जाहिराती यांवर ती झळकली. लाभ मात्र इतरांचा झाला. १९०५ साली उजव्या हातासारखे असणारे बंधू वारले आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथे रविवर्म्यांनीही देह ठेवला. मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत भस्मसात झाला.

मुलांनो, रविवर्म्यांचा उद्योग तोट्यात गेला, म्हणून तो वाया गेला असे म्हणता येईल काय? राजवाड्यातली दमयंती झोपडीत आली, हे काही लहान काम नव्हे. परंतु त्यातूनच एक नवी अडचणही उत्पन्न झाली. एकच चित्र लक्षावधी घरांत गेले, की तोच गोरा, रेखीव चेहरा म्हणजे सौंदर्य असे लोकांना वाटू लागते. दप्तरावरच्या राजकन्येचेही तसेच आहे. दमयंतीचा चेहरा कोणी पाहिलेला नाही, हे विसरू नये. रविवर्म्यांनी आपल्या अवतीभवतीच्या स्त्रिया डोळे भरून पाहिल्या आणि तिला रूप दिले. तुम्हीही एकदा कागद घेऊन बसा आणि आपल्या दमयंतीचे चित्र काढून पाहा. धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या आपल्या आईसारखी ती दिसली, तरी ती दमयंतीच असेल.