फिरोजशहा मेहता : नगरशासनाचा शिल्पकार

1. प्रास्ताविक

महापालिकेच्या निवडणुकीत आपण मत देतो ते नगरसेवकाला; पण रस्ते, पाणी, गटारे यांची कामे प्रत्यक्ष करून घेतो तो आयुक्त. पैसा मंजूर करणारा एक आणि तो खर्च करणारा दुसरा, ही रचना आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे कधीकाळी मोठा वाद झाला होता, याची आपल्याला कल्पनाही नसते. त्या वादाच्या केंद्रस्थानी असलेल्या सर फिरोजशहा मेहता यांच्या चरित्राचा हा भाग आपण येथे अभ्यासणार आहोत.

2. जडणघडण

फिरोजशहांचा जन्म 4 ऑगस्ट 1845 रोजी मुंबईतील एका पारशी व्यापारी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते इंग्लंडला गेले आणि 1868 मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. पुढे 1890 मध्ये ते कलकत्ता येथील राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. तथापि त्यांचे खरे कार्यक्षेत्र मुंबई शहर हेच राहिले.

3. 1871 चा वाद

1865 च्या कायद्याने मुंबईचा कारभार सरकारनियुक्त जस्टिस ऑफ द पीस यांच्या मंडळाकडे आला. अंमलबजावणीचे सर्व अधिकार मात्र एकट्या आयुक्ताला मिळाले. आर्थर क्रॉफर्ड हे ते आयुक्त. त्यांनी रस्ते, सांडपाण्याची व्यवस्था आणि भव्य मंडई अशी कामे धडाक्याने केली. परंतु अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाच्या तेजीवर उभी राहिलेली शहराची सुबत्ता कोसळली होती. कर्ज वाढले, कर जाचक झाले आणि करदाते संतापले. आयुक्ताचे अधिकार काढून ते एका समितीकडे द्यावेत, अशी जोरदार मागणी झाली.

सव्वीस वर्षांच्या फिरोजशहांनी या लोकमताविरुद्ध भूमिका घेतली. नोव्हेंबर 1871 मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये निबंध वाचताना त्यांना श्रोत्यांचा रोष पत्करावा लागला. त्यांचा युक्तिवाद नीट लक्षात घ्या. दोष अधिकारी समर्थ असण्यात नाही. त्याच्यावर लक्ष ठेवणारे मंडळ लोकांना उत्तरदायी नसण्यात आहे. अनेकांच्या समितीकडे अंमलबजावणी दिली, तर चुकीची जबाबदारी कोणावरच राहणार नाही. म्हणून काम एकाच्या हाती असावे, आणि त्याच्या हिशेबाची तपासणी करदात्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींनी करावी.

4. कायद्यांची घडण

1872 च्या कायद्यात याच विचाराचे प्रतिबिंब दिसते. नव्या महापालिकेच्या 64 सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे होते. उरलेल्या जागांपैकी 16 जस्टिस मंडळाकडून आणि 16 सरकारकडून भरल्या जात. 1888 च्या कायद्याच्या वेळी फिरोजशहा आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी विधिमंडळात महापालिकेच्या अधिकारांची बाजू लावून धरली. प्राथमिक शिक्षण हे महापालिकेचे अनिवार्य कर्तव्य ठरले. आयुक्ताची नेमणूक मात्र सरकारच्याच हाती राहिली. अनेक दुरुस्त्यांसह हाच कायदा आजही मुंबईला लागू आहे.

1896 च्या प्लेगनंतर सरकारने शहरसुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही स्वतंत्र संस्था स्थापन केली. फिरोजशहांनी तिला विरोध केला. कारण शहराचा पैसा जेथे खर्च होतो, तेथे शहराच्या प्रतिनिधींचे नियंत्रण असले पाहिजे, हे त्यांचे जुनेच सूत्र होते.

5. 1907 ची निवडणूक

फिरोजशहांचे सभागृहावरील वर्चस्व अनेक युरोपियन अधिकाऱ्यांना सलत होते. 1907 मध्ये त्यांनी संगनमत करून जस्टिस मंडळाच्या 16 जागांसाठी आपली यादी पुढे केली. फिरोजशहा सतराव्या क्रमांकावर राहिले आणि पराभूत झाले. या प्रकाराविरुद्ध शहरात निषेध झाला. पुढे निवडून आलेला एक सभासद अपात्र ठरल्याने ती जागा त्यांना मिळाली. 5 नोव्हेंबर 1915 रोजी त्यांचे निधन झाले. महापालिका मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा उभा आहे.

6. मूल्यमापन

फिरोजशहांच्या कार्याला मर्यादाही होत्या. त्यांच्या काळात मताधिकार प्रामुख्याने कर भरणाऱ्या सुस्थित वर्गापुरता होता. गिरणीत राबणारा, चाळीत राहणारा कामगार त्यापासून दूरच राहिला. मुंबई महापालिकेची निवडणूक प्रौढ मताधिकाराने झाली ती 1948 मध्ये. शिवाय सभागृह एका व्यक्तीच्या प्रभावाखाली राहणे हेही लोकशाहीच्या दृष्टीने निर्दोष नव्हे. तरीही करदात्यांचा राग रास्त असताना त्यांनी सुचवलेला उपाय चुकीचा असू शकतो, हे गर्दीसमोर सांगण्याचे धैर्य त्यांच्याजवळ होते. तुमच्या गावातील खर्चाचा वाद ऐकताना हा भेद लक्षात ठेवा : राग कशाबद्दल आहे आणि त्यावर मागितलेला उपाय कोणता आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

1. समितीच्या कारभारापेक्षा एका जबाबदार अधिकाऱ्याचा कारभार फिरोजशहांना अधिक योग्य का वाटला?
2. सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टला केलेला विरोध त्यांच्या 1871 च्या भूमिकेशी सुसंगत होता काय? सकारण लिहा.