वाट बदलणारा विद्यार्थी आणि ‘निवासी’ डॉक्टर : सर विल्यम ऑस्लर

मोठ्या रुग्णालयात आपला माणूस दाखल झाला की एक प्रश्न बहुतेक नातेवाइकांच्या मनात येतो. मुख्य डॉक्टर दिवसातून एकदा राउंडला येतात. मग रात्री-अपरात्री धावून येणारे, तीच माहिती पुन्हा पुन्हा विचारणारे हे तरुण डॉक्टर कोण? ते अजून शिकत आहेत का? आणि शिकत असतील, तर आपला रुग्ण सुरक्षित आहे ना?

हे असतात निवासी डॉक्टर, म्हणजेच रेसिडेंट. वैद्यकीय पदवी मिळवून ते वरिष्ठांच्या देखरेखीखाली विशेष प्रशिक्षण घेत असतात. ही पद्धत उत्तर अमेरिकेत रुजवणाऱ्यांमध्ये सर विल्यम ऑस्लर या कॅनेडियन डॉक्टरांचे नाव अग्रभागी आहे. डॉक्टर होण्याची त्यांची स्वतःची वाट मात्र अजिबात सरळ नव्हती. ज्यांच्या घरातले मूल आज वैद्यकीय शिक्षणाची दिशा ठरवत आहे, त्यांनी ती जरूर समजून घ्यावी.

पाद्री व्हायला निघालेला मुलगा

ऑस्लर यांचा जन्म १२ जुलै १८४९ रोजी आजच्या ओंटारिओ प्रांतातील बाँड हेड या खेड्यात झाला. वडील इंग्लंडहून आलेले धर्मोपदेशक, घरात भावंडे बरीच. विल्यम लहानपणी अतिशय खोडकर होते. एका शाळेतून तर त्यांना काढूनही टाकले गेले. पुढे वेस्टन येथील शाळेत त्यांना विल्यम जॉन्सन हे शिक्षक भेटले. तेही पाद्रीच, पण सूक्ष्मदर्शकाचे वेडे. डबक्यातले पाणी, शेवाळ, किडे काचेखाली कसे पाहायचे, हे विल्यम त्यांच्याकडे शिकले.

वडिलांप्रमाणे धर्मसेवेत जायचे ठरवून १८६७ मध्ये त्यांनी टोरांटोच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश घेतला. तिथे डॉ. जेम्स बोव्हेल यांचा सहवास वाढला. त्यांचे ग्रंथ आणि त्यांचा सूक्ष्मदर्शक या तरुणाला खुले होते. वर्षभरातच विल्यम यांनी घरी निर्णय कळवला : पाद्री नाही, डॉक्टर व्हायचे. गंमत अशी की पुढे बोव्हेल स्वतः वेस्ट इंडीजला गेले आणि तिथे पाद्री झाले.

कॉलेज बदलले, कारण रुग्ण दुसरीकडे होते

१८६८ मध्ये ऑस्लर टोरांटो स्कूल ऑफ मेडिसिनमध्ये दाखल झाले. विद्यार्थी असतानाच शवविच्छेदनाच्या खोलीत एका मृतदेहाच्या स्नायूंत त्यांना ट्रिकिना जातीच्या सूक्ष्म जंतांची लागण दिसली. नजर तयार होत होती. पण पुस्तके आणि प्रयोगशाळा एवढ्यावर डॉक्टर घडत नाही. प्रत्यक्ष रुग्ण पाहण्याची संधी माँट्रियलमध्ये अधिक चांगली होती. म्हणून बोव्हेल यांच्या सल्ल्याने, दोन वर्षे टोरांटोत काढल्यावर, १८७० मध्ये त्यांनी मॅकगिल विद्यापीठ गाठले. तिथले विद्यार्थी माँट्रियल जनरल हॉस्पिटलच्या वॉर्डांत शिकत. डॉ. पामर हॉवर्ड यांच्यासारखे गुरू मिळाले आणि १८७२ मध्ये पदवी हाती आली.

त्या काळी पदवीनंतर ठरावीक असे विशेष प्रशिक्षण नव्हते. ज्याला अधिक शिकायचे असेल त्याने बोटीत बसून युरोप गाठावा. ऑस्लर यांनी तेच केले. आधी त्यांना नेत्रतज्ज्ञ व्हायचे होते. पण माँट्रियलमध्ये दुसरा एक तरुण नेत्रतज्ज्ञ व्यवसाय सुरू करणार असे कळले आणि त्यांनी तो विचार सोडला. लंडनमध्ये बर्डन सँडरसन यांच्या प्रयोगशाळेत ते रक्ताचा अभ्यास करू लागले. रक्तातील प्लेटलेट्सचे त्यांनी केलेले वर्णन हे या विषयातील सुरुवातीच्या महत्त्वाच्या नोंदींपैकी एक आहे. त्यानंतर बर्लिन आणि व्हिएन्ना येथील रुग्णालये पाहून ते १८७४ मध्ये मायदेशी परतले.

म्हणजे पंचविशी गाठेपर्यंत त्यांनी एकदा क्षेत्र बदलले, एकदा कॉलेज बदलले आणि एकदा विशेष शाखा बदलली. यातले काहीही वाया गेले नाही. सूक्ष्मदर्शक सगळीकडे सोबत होता आणि प्रत्येक वळणावर ते रुग्णाच्या अधिक जवळ गेले.

देवीचा वॉर्ड आणि शवागार

मॅकगिलमध्ये ते शिकवू लागले, पण पगार बेताचा होता. माँट्रियलमध्ये तेव्हा देवीची साथ होती. ऑस्लर यांनी देवीच्या वॉर्डाचे काम पत्करले. त्यांना स्वतःलाही देवी झाल्या, सुदैवाने सौम्य. या कामाचे मानधन त्यांनी विद्यार्थ्यांसाठी सूक्ष्मदर्शक घेण्यात खर्च केले.

माँट्रियलच्या दहा वर्षांत त्यांनी साडेसातशेहून अधिक शवविच्छेदने केली. रुग्ण जिवंत असताना केलेले निदान बरोबर होते की चुकले, हे मृत्यूनंतर तपासायचे आणि ती चूक पुढच्या रुग्णाच्या बाबतीत टाळायची, अशी ही शिस्त होती. आज हृदयाच्या झडपांच्या संसर्गात बोटांवर येणाऱ्या दुखऱ्या गाठींना ऑस्लर यांचे नाव आहे. ते याच बारकाईने पाहण्याच्या सवयीतून आले.

विद्यार्थी वर्गातून वॉर्डात

१८८४ मध्ये ऑस्लर फिलाडेल्फियाला प्राध्यापक म्हणून गेले आणि १८८९ मध्ये बाल्टिमोरच्या नव्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात औषधवैद्यक विभागाचे प्रमुख झाले. १८९२ मध्ये त्यांचा वैद्यकशास्त्रावरील प्रसिद्ध ग्रंथ आला आणि अनेक वर्षे तो डॉक्टरांचा मुख्य आधार राहिला.

तिथले वैद्यकीय महाविद्यालय १८९३ मध्ये सुरू झाले. त्या काळी अमेरिकेत अनेक ठिकाणी किरकोळ शिक्षणावर वैद्यकीय प्रवेश मिळे. इथे मात्र आधी पदवी आणि विज्ञानाचा पाया आवश्यक ठरला. स्त्रियांनाही पुरुषांच्याच अटींवर प्रवेश होता. आज ज्याला प्रीमेड म्हणतात, त्या कल्पनेला अशा नियमांनी बळ दिले.

ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षांत वॉर्डात आणले. विद्यार्थ्याने स्वतः रुग्णाची हकीकत विचारायची, तपासणी करायची, नोंद ठेवायची आणि राउंडमध्ये ती सर्वांसमोर मांडायची. पदवीनंतरच्या तरुण डॉक्टरांसाठी जर्मन पद्धतीवरून निवासी डॉक्टरांची उतरंड बसवली गेली. ते रुग्णालयातच राहत, जेवत, रात्री उठून रुग्ण पाहत आणि अनुभवाप्रमाणे वरची जबाबदारी घेत. हॉपकिन्समध्येच डॉ. हॉल्स्टेड यांनी शस्त्रक्रियेसाठी अशीच रचना केली. ‘निवासी’ हा शब्द तेव्हा अक्षरशः खरा होता.

१९०५ मध्ये ऑस्लर ऑक्सफर्डला गेले. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, त्यांचा तरुण मुलगा रणांगणावर जखमी होऊन मरण पावला. हे दुःख त्यांना शेवटपर्यंत सोडून गेले नाही. २९ डिसेंबर १९१९ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, फुप्फुसांच्या संसर्गाने त्यांचे निधन झाले. न्यूमोनियाबद्दल आयुष्यभर शिकवलेला हा डॉक्टर त्याच वाटेने गेला. त्यांचा ग्रंथसंग्रह मॅकगिलला मिळाला आणि त्यांच्या अस्थीही तिथल्या ग्रंथालयात आहेत.

आजच्या कॅनडातली वाट

ऑस्लर यांनी तुकड्या-तुकड्यांनी पार केलेली वाट आता आखीव झाली आहे. बहुतेक प्रांतांत विद्यार्थी आधी विद्यापीठात काही वर्षे शिकतो. प्रीमेड ही बहुधा वेगळी पदवी नसते. आवडीचा विषय घेऊन आवश्यक विज्ञान विषय पूर्ण करता येतात. क्वेबेकमध्ये सेजेप या टप्प्यानंतरही प्रवेशाची वाट आहे. अनेक कॉलेजांना एमकॅट ही परीक्षा लागते, काहींना लागत नाही. वैद्यकीय शिक्षण बहुतेक ठिकाणी ४ वर्षांचे, तर मॅकमास्टर आणि कॅलगरी येथे ३ वर्षांचे आहे.

मग येते रेसिडेन्सीची निवड. कार्म्स या संस्थेमार्फत विद्यार्थी आपल्या पसंतीचा क्रम देतो, प्रशिक्षण केंद्रेही देतात आणि दोन्ही याद्या जुळवून जागा ठरते. हा निकाल बंधनकारक असतो. फॅमिली मेडिसिनला साधारण २ वर्षे लागतात, बहुतेक इतर विशेष शाखांना ५ वर्षे किंवा थोडी कमी-जास्त. कॅनडाबाहेर शिकलेल्या डॉक्टरांसाठी जागा मर्यादित असतात. परदेशात एमबीबीएस करून नंतर तिकडे जाऊ, असे ठरवणाऱ्या कुटुंबांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

कुटुंबाने काय लक्षात ठेवावे

मूल मध्येच शाखा बदलू म्हणाले, तर लगेच वर्षे वाया गेली असे मानू नका. कॉलेज निवडताना नावाबरोबर हेही विचारा : तिथे विद्यार्थी रुग्ण कधी पाहू लागतात? देखरेख कोण करते? राहण्याचा आणि शिक्षणाचा खर्च किती वर्षे पेलायचा आहे?

आणि रुग्णाच्या खाटेपाशी उभे असाल, तर निवासी डॉक्टरने तोच प्रश्न पुन्हा विचारला म्हणून चिडू नका. पहिल्यांदा सांगायची राहिलेली गोळी किंवा जुनी ॲलर्जी अशाच वेळी आठवते. तुमचे वरिष्ठ डॉक्टर कोण, हा निर्णय त्यांना कळवला आहे का, हे शांतपणे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. चांगला निवासी डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही. वरिष्ठांना वेळेवर विचारणे हाही त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे.