डेनिस रिची

डेनिस मॅकॲलिस्टेअर रिची (९ सप्टेंबर, १९४१: ब्रॉन्क्सव्हिल, न्यू यॉर्क, अमेरिका - ऑक्टोबर, २०११: बर्कली हाइट्स, न्यू जर्सी, अमेरिका) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. सी या संगणकभाषेचे जनक आणि केन थॉम्पसन यांच्यासह युनिक्स या संचालन प्रणालीचे निर्माते म्हणून ते ओळखले जातात. आज्ञावली आणि संचालन प्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नल, यांच्यातील माहितीची देवाणघेवाण सोपी व एकसारखी करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

शिक्षण

रिची यांचे वडील बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत शास्त्रज्ञ होते. रिची यांनी हार्वर्ड विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली. तेथेच त्यांनी पीएच.डी.साठी प्रबंधही लिहिला. मात्र ती पदवी त्यांना औपचारिकरीत्या मिळाली नाही. इ.स. १९६७ मध्ये ते बेल लॅब्जमध्ये रुजू झाले.

कार्य

बेल लॅब्जने इ.स. १९६९ मध्ये मल्टिक्स या प्रकल्पातून अंग काढून घेतले. त्याच वर्षी थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या लहान संगणकावर युनिक्सची उभारणी सुरू केली व रिची त्यांत सहभागी झाले.

एका आज्ञावलीतील चुकीने इतरांचे काम बिघडू नये, म्हणून डिस्क, टर्मिनल इत्यादी उपकरणे कर्नलच्या ताब्यात असतात व आज्ञावलीला त्याच्याकडे मागणी करावी लागते. प्रत्येक उपकरणासाठी मागणीची रीत निराळी असल्यास आज्ञावली त्या उपकरणाशी जखडली जाते. यावर उपाय म्हणून उपकरणालाही फाइल मानावे, ही कल्पना रिची यांनी मांडली. 'रीड' वा 'राइट' करताना आज्ञावली फाइलचा क्रमांक, आपल्या स्मृतीतील जागेचा पत्ता आणि बाइटांची संख्या कळवते. कर्नल त्याप्रमाणे माहितीची नक्कल करून किती बाइट हलवले ते सांगतो. त्यामुळे एकच आज्ञावली काहीही बदल न करता डिस्कवरील फाइल किंवा टर्मिनल वाचू शकते.

इ.स. १९७३ मध्ये युनिक्सचा कर्नल सी भाषेत नव्याने लिहिला गेला. त्यामुळे पुढे तो निरनिराळ्या संगणकांवर नेणे शक्य झाले. इ.स. १९८४ मध्ये रिची यांनी स्ट्रीम्स ही रचना मांडली. तीत आज्ञावली व उपकरण यांच्यामधील माहिती कर्नलमधील छोट्या घटकांच्या साखळीतून दोन्ही दिशांनी जाते.

पुरस्कार व मृत्यू

रिची व थॉम्पसन यांना इ.स. १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. रिची इ.स. २००७ मध्ये निवृत्त झाले. एकटे राहणारे रिची १२ ऑक्टोबर, २०११ रोजी आपल्या घरी मृतावस्थेत आढळले. लिनक्स, अँड्रॉइड आणि मॅकओएस या प्रणालींत 'रीड' व 'राइट' या मागण्यांचे मूळ स्वरूप आजही टिकून आहे.