कराची ते जुहू

लेक लंडनला असते. तिला विमानतळावर सोडायला आम्ही काळेवाडीहून निघालो की आमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न ठरलेला : किती तास लागतील? मुंबई ते लंडन साधारण ७,२०० किलोमीटर, साडेनऊ-दहा तास, हे उत्तर मला आता पाठ झालं आहे. तरी ती पोचल्याचा फोन येईपर्यंत घरात कुणाला झोप नसते. अशा रात्री मला हटकून जे. आर. डी. टाटा आठवतात.

आमच्या भागाला हे नाव परकं नाही. पवनेपलीकडे पिंपरीत टेल्कोचा कारखाना आला आणि कितीतरी घरांच्या चुली त्यावर पेटल्या. पण जे. आर. डीं.चा जीव अडकला होता तो आकाशात.

२९ जुलै १९०४ रोजी पॅरिसला त्यांचा जन्म झाला. आई फ्रेंच. १९२९ साली भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला. भारत-इंग्लंड एकट्यानं उड्डाण करण्यासाठी आगाखानांनी बक्षीस लावलं. जे. आर. डी. कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पींचं विमान स्पार्क प्लगवाचून अडलेलं. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचा जादा प्लग काढून दिला. काही तासांच्या फरकानं बक्षीस अस्पींनी नेलं. हेच अस्पी पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डीं.नी टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून छोटं पुस मॉथ विमान उडवलं. अहमदाबादला इंधन भरलं आणि सुमारे सात तासांत ते जुहूच्या साध्या मैदानावर उतरले. ८ जून १९४८ ला त्यांच्या एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला झेपावलं. माझी लेक आज जाते तीच ही वाट.

१९५३ मध्ये विमानसेवेचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यांना ते पटलं नव्हतं, तरी अध्यक्षपद त्यांनी पंचवीस वर्षं सांभाळलं. १९७८ साली सरकारनं त्यांना त्या पदावरून दूर केलं.

इथं मी थबकतो. बँकेतून निवृत्त होताना शाखेच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती दिल्या, त्यानंतर वर्षभर मी त्या रस्त्यानं गेलो नाही. वाटे, आपल्यावाचून काही अडत कसं नाही? आणि हे गृहस्थ! पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी पुन्हा कराची ते मुंबई तसंच छोटं विमान एकट्यानं आणलं. खुर्ची गेली, प्रेम गेलं नाही.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात ते गेले. पॅरिसच्या मातीत त्यांची समाधी आहे. २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया टाटांकडे परतली, ते पाहायला ते नव्हते.

परवा मी बँकेत गेलो. माझ्या टेबलाशी बसलेल्या मुलीनं चहा मागवला. घरी आलो तर सौभाग्यवती सांगत होत्या, लेक सुखरूप पोचली.