पाद्र्याचा पगार कोणी द्यायचा?

देवळाच्या वर्गणीची पावती घेऊन दारात उभ्या राहिलेल्या पोरांना नाही म्हणणे किती अवघड असते, हे आपल्या वस्तीतल्या माणसाला सांगायला नको. तरी ती वर्गणी असते. देणे न देणे शेवटी आपल्या हातात असते. पण हीच वर्गणी सरकारने कर म्हणून बसवली आणि न देणाऱ्याच्या घरावर जप्ती आणली तर? अमेरिकेतल्या व्हर्जिनियात दीडशेहून अधिक वर्षे हाच कारभार चालला. तो मोडून काढण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते जेम्स मॅडिसन. अमेरिकेचे चौथे राष्ट्राध्यक्ष आणि तिच्या राज्यघटनेचे एक प्रमुख शिल्पकार म्हणून त्यांचे नाव जगाला ठाऊक आहे. पाद्र्याच्या पगाराविरुद्ध त्यांनी दिलेली लढाई मात्र आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

मॅडिसन यांचा जन्म १६ मार्च १७५१ चा. घर तंबाखूच्या बड्या जमीनदाराचे, पदरी गुलाम. व्हर्जिनिया तेव्हा इंग्रजांची वसाहत होती आणि चर्च ऑफ इंग्लंड हा तिथला सरकारमान्य पंथ होता. पाद्र्याला वर्षाला १६ हजार रतल तंबाखू पगार म्हणून मिळे, कारण तंबाखू हेच तिथले चलन होते. शिवाय राहायला घर आणि किमान २०० एकर जमीन. आपल्याकडच्या देवस्थान इनामाचाच हा गोरा भाऊ म्हणा ना! हा खर्च डोई मोजून वसूल होई. डोई कोणाची? सोळा वर्षांवरच्या गोऱ्या पुरुषांची आणि सोळा वर्षांवरच्या काळ्या गुलामांची, त्यात बायाही आल्या. गुलामाच्या डोक्याचा कर मालक भरत असे, पण तो कुठून भरत असे? गुलामाच्याच घामातून. म्हणजे ज्या चर्चने गुलामगिरीला आशीर्वाद दिला, त्या चर्चचा पाद्री गुलामाच्या घामावर पोसला जात होता. पुरोहितशाहीचा रंग बदलतो, धंदा तोच राहतो.

मॅडिसन न्यू जर्सीच्या कॉलेजात (आजचे प्रिन्स्टन) शिकून १७७१ मध्ये पदवीधर झाले. घरी परतल्यावर त्यांनी काय पाहिले? शेजारच्या जिल्ह्यात बॅप्टिस्ट पंथाचे प्रचारक तुरुंगात डांबलेले. गुन्हा एवढाच की सरकारी परवान्याशिवाय ते लोकांना उपदेश करीत होते. त्यांच्यामागे जाणारे लोक बहुतेक गरीब शेतकरी होते, गुलामही होते. ज्या पाद्र्याचे तोंड पाहायचे नाही त्याच्यासाठी याच लोकांनी कर भरायचा आणि त्यांच्या स्वतःच्या उपदेशकाने कोठडीत बसायचे. जमीनदाराच्या पोराला याची चीड आली. १७७४ मधल्या त्यांच्या पत्रव्यवहारात ही चीड स्पष्ट दिसते.

१७७६ मध्ये इंग्रजांचे जोखड झुगारून व्हर्जिनियाने हक्कांचा जाहीरनामा केला. तेव्हा मॅडिसन अवघे पंचवीस वर्षांचे होते. जॉर्ज मेसन यांच्या मसुद्यात धार्मिक सहिष्णुता हा शब्द होता. मॅडिसन यांनी तो काढायला लावला आणि तिथे धर्माचरणाचे समान स्वातंत्र्य आणले. वरवर पाहता शब्दाचाच फरक. पण सहिष्णुता म्हणजे वरच्याने खालच्याला दिलेली सवलत. वरच्याची लहर फिरली की ती गेली. हक्काचे तसे नसते. हरिजन म्हणवून घेऊन दया पदरात पाडून घेणे आणि माणूस म्हणून हक्क मागणे यातला फरक ज्यांना कळतो, त्यांना हा मुद्दा फोडून सांगण्याची गरज नाही.

सरकारी पाद्र्यांचे पगार त्याच वर्षी थांबले आणि १७७९ मध्ये कायमचे बंद झाले. मग १७८४ मध्ये पॅट्रिक हेन्री यांनी नवे विधेयक आणले. हे हेन्री म्हणजे स्वातंत्र्ययुद्धातले नावाजलेले वक्ते. विधेयक मोठे हुशारीचे होते. ख्रिस्ती धर्म शिकवणाऱ्यांसाठी कर सगळ्यांनी द्यायचा, पण तो कोणत्या पंथाला जावा हे ज्याचे त्याने सांगायचे. कोणताच पंथ सांगितला नाही तर पैसा शिक्षणाकडे जाईल. म्हणजे कोणावर अन्याय नाही, सगळ्यांना वाटा! जॉर्ज वॉशिंग्टन यांनाही अशा करात तत्त्वतः काही वावगे वाटत नव्हते. सरकारी खुर्चीवरून एका पंथाऐवजी चार पंथ पोसले की त्याला समता म्हणायचे, ही युक्ती तेव्हापासूनची आहे.

मॅडिसन यांनी आधी वेळ काढला. हेन्री गव्हर्नर झाले आणि सभागृहाबाहेर पडले, त्यालाही मॅडिसन यांची साथ होती. विधेयक पुढच्या अधिवेशनावर गेले. १७८५ च्या उन्हाळ्यात त्यांनी नाव न घालता पंधरा मुद्द्यांचे एक निवेदन लिहिले आणि ते सह्यांसाठी गावोगाव फिरले. त्यातला एक मुद्दा असा. आज सरकार धर्मासाठी तीन पेन्स सक्तीने घेत असेल, तर उद्या तेच सरकार अमुक पंथ पाळा अशीही सक्ती करू शकेल. रक्कम क्षुल्लक आहे म्हणून अधिकार क्षुल्लक ठरत नाही. आणखी एक मुद्दा पाद्र्यांना झोंबणारा होता. शतकानुशतके सरकारी पैशावर जगून ख्रिस्ती धर्माचे काय झाले, तर पाद्री माजले आणि आळशी झाले, लोक अडाणी आणि लाचार झाले.

मॅडिसन यांच्या निवेदनावर दीड हजारांच्या आसपास सह्या झाल्या. मात्र त्याच वेळी फिरलेल्या दुसऱ्या एका अर्जावर जवळपास पाच हजार सह्या पडल्या, आणि तो श्रद्धाळू ख्रिस्ती लोकांचा होता. आमच्या देवाला सरकारी खजिन्याची गरज नाही, असे त्यांचे म्हणणे. इतिहासाने श्रेय मॅडिसन यांना दिले, पण विधेयक गाडले ते या साध्या लोकांनी. त्याच लाटेवर जानेवारी १७८६ मध्ये मॅडिसन यांनी थॉमस जेफरसन यांचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा मंजूर करून घेतला. जेफरसन त्या वेळी पॅरिसला होते.

पुढे काँग्रेसमध्ये निवडून आल्यावर १७८९ मध्ये त्यांनी हक्कांच्या दुरुस्त्या मांडल्या. १७९१ मध्ये लागू झालेल्या पहिल्या दुरुस्तीने मध्यवर्ती सरकारला कोणताही धर्म राज्यधर्म करण्यास बंदी केली. घटक राज्यांना ती लागू नव्हती. मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चचा कर १८३३ पर्यंत चालला. व्हर्जिनियाने १८०२ मध्ये चर्चच्या इनाम जमिनी विकून पैसा गोरगरिबांसाठी वापरण्याचा कायदा केला. देवस्थानांच्या जमिनींकडे पाहताना आपल्या लोकांनी हे साल लक्षात ठेवावे.

राष्ट्राध्यक्ष असताना १८११ मध्ये मॅडिसन यांच्यापुढे एक विधेयक आले. मिसिसिपी प्रदेशातल्या एका बॅप्टिस्ट चर्चला सरकारी जमिनीचा तुकडा द्यायचा होता. बॅप्टिस्ट म्हणजे त्यांचे जुने सोबती, मतदारही. त्यांनी विधेयक परत पाठवले. आपल्याच माणसांना नाही म्हणण्याचे हे धैर्य आपल्या पुढाऱ्यांनी पाहावे. म्हातारपणी तर संसदेच्या प्रार्थनेसाठी खजिन्यातून पगार घेणारे पाद्रीही चुकीचे, असे त्यांनी टिपणात लिहून ठेवले.

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर ही आरती होईल. सदसद्विवेकावर सरकारची सत्ता नाही म्हणणारा हा माणूस शंभराहून अधिक गुलामांचा मालक होता. २८ जून १८३६ रोजी ते वारले तेव्हा मृत्युपत्रात एकाही गुलामाला मुक्त केलेले नव्हते. शेवटपर्यंत त्यांची सेवा करणारे पॉल जेनिंग्ज पुढे विकले गेले आणि पैसे मोजले गेले तेव्हा सुटले. याच जेनिंग्ज यांनी सांगितलेल्या मालकाच्या आठवणी १८६५ मध्ये छापून आल्या. धर्म आणि राज्य यांच्यामध्ये भिंत उभी राहिली, पण भिंतीच्या दोन्ही बाजूंना गुलाम गुलामच राहिला.

कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना ही भिंत माहीत नव्हती असे नाही. तरी ती जशीच्या तशी आपल्या घटनेत आली नाही. एखाद्या विशिष्ट धर्मासाठी खर्च होणारा कर देण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, असे अनुच्छेद २७ सांगतो. इथवर मॅडिसन यांची वाट आहे. पण सरकारने धर्मात हातच घालायचा नाही म्हटले, तर १९३० साली ज्यासाठी नाशिकला सत्याग्रह झाला ते काळाराम मंदिराचे दार कोणी उघडायचे? म्हणून अनुच्छेद २५ मध्ये हिंदूंची सार्वजनिक देवळे सर्व जातींना खुली करण्याचा अधिकार राज्याला दिला गेला. त्याआधी १९३६ मध्येच बाबासाहेबांनी पुरोहिताने परीक्षा द्यावी, सनद घ्यावी आणि सरकारी नोकराप्रमाणे शिस्तीखाली राहावे अशी सूचना केली होती. मॅडिसन यांना ती पटली नसती. पण मॅडिसन यांना कोणी देवळाबाहेर उभे केले नव्हते.

राहिला पैशाचा प्रश्न. १९५६ मध्ये घातलेल्या अनुच्छेद २९०अ नुसार केरळ सरकार त्रावणकोर देवस्वम निधीला दरसाल ४६ लाख ५० हजार रुपये देणे लागते, तमिळनाडू तिथल्या देवस्वम निधीला १३ लाख ५० हजार. संस्थानाने देवळांच्या जमिनी घेतल्या त्याची ही भरपाई, असे समर्थन केले जाते. २०११ मध्ये हज अनुदानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कराचा मोठा हिस्सा एखाद्या धर्मासाठी गेला तरच अनुच्छेद २७ चा भंग होतो, थोडाफार गेला तर नाही. ते अनुदान २०१८ मध्ये बंद झाले, पण निकालातले तत्त्व उरले. त्या तत्त्वात मॅडिसन यांचे तीन पेन्स बसत नाहीत. नाशिकच्या सिंहस्थावरचा सरकारी खर्च मात्र आरामात बसतो.