दुष्काळाची लेक, अनाथांची आई

भूम-परांड्याकडील बंधुभगिनींस दुष्काळ म्हणजे काय हें सांगावयास नको. पंडिता रमाबाईंस तो कोवळ्या वयांतच भेटला. १८५८ सालीं जन्मलेल्या ह्या मुलीचे आईबाप व थोरली बहीण १८७४ च्या सुमारास उपासमारीनें गेलीं; जवळ उरला एक भाऊ. पुढें १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां पुण्यांत स्वस्थ बसणें त्यांच्यानें होईना. त्या स्वतः तिकडे गेल्या व सुमारें ३०० निराधार बाया व मुली घेऊन आल्या. केडगांवच्या माळावर त्यांस नुसतें अन्नच मिळालें असें नव्हे; लिहिणेंवाचणें, विणकाम, शेती, छापखान्याचें काम त्या शिकल्या. आणि आम्हांस ह्याहून मोठी वाटते ती गोष्ट ही कीं, थोरल्यांनीं धाकट्यांस पोटाशीं धरिलें. १९२२ सालीं रमाबाई वारल्या. केडगांवचें मुक्तिसदन आजहि चालूं आहे.