मेंदूवरील दाबाला वाट करून देणारे डॉ. हार्वे कुशिंग

अपघातात डोक्याला जबर मार लागला की मेंदूला सूज येते. हातापायाला सूज आली तर त्वचा ताणली जाते. कवटीचे हाड मात्र ताणले जात नाही. परिणामी आतील दाब वाढत जातो, मेंदूचा रक्तपुरवठा घटतो आणि रुग्ण दगावू शकतो. अशा वेळी कवटीचा काही भाग काढून मेंदूला जागा करून देण्याची शस्त्रक्रिया आज जगभर केली जाते. तिचा शास्त्रीय पाया घालणाऱ्यांमध्ये अमेरिकी शल्यचिकित्सक डॉ. हार्वे कुशिंग यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलंड येथे झाला. दहा भावंडांत ते सर्वात धाकटे. घराण्यात वैद्यकीय व्यवसायाची परंपरा होती. हार्वर्ड येथे शिकत असताना शस्त्रक्रियेसाठी त्यांनी भूल दिलेला एक रुग्ण दगावला. शिक्षण सोडून देण्याचा विचारही तेव्हा त्यांच्या मनात आला. मात्र ते खचले नाहीत. सहाध्यायी अर्नेस्ट कॉडमन यांच्यासह त्यांनी भूल दिलेल्या रुग्णाची नाडी व श्वसन यांची नियमित नोंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. १८९५ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांच्या हाताखाली काम केल्यानंतर १९०० मध्ये ते युरोपला गेले. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे थिओडोर कोखर यांच्या विभागात त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. कवटीतील दाब वाढला की मेंदूकडे रक्त पोहोचत राहावे यासाठी शरीर रक्तदाब वाढवते, हे त्यांनी दाखवून दिले. चढता रक्तदाब, मंदावलेली नाडी आणि अनियमित श्वास ही लक्षणे आजही डॉक्टर धोक्याची सूचना मानतात आणि ती कुशिंग यांच्याच नावाने ओळखली जातात. परतताना इटलीतून त्यांनी रिव्हा-रोची यांचे रक्तदाबमापक अमेरिकेत नेले आणि त्याचा प्रसार केला.

कवटी उघडून दाब कमी करण्याचा विचार तेव्हा नवा नव्हता. कोखर आणि लंडनचे व्हिक्टर हॉर्स्ली यांनीही तो मांडला होता. अडचण पुढची होती. उघड्या जागेतून मेंदू बाहेर येई आणि जखमेत जंतुसंसर्ग होण्याची भीती असे. १९०५ मध्ये कुशिंग यांनी त्यावर उपाय सुचवला. कानशिलावरील स्नायूचे तंतू बाजूला सारून त्याखालील हाड काढायचे आणि मेंदूवर त्या स्नायूचेच संरक्षण ठेवायचे, अशी ही पद्धत होती. मेंदूतील जी गाठ काढणे शक्य नसे, तिच्या रुग्णांची असह्य डोकेदुखी यामुळे कमी होई आणि दृष्टी वाचण्याची शक्यता वाढे. गाठ मात्र जागेवरच राही. आपण रुग्णाला रोगमुक्त करत नसून अवधी मिळवून देत आहोत, याची कुशिंग यांना पूर्ण जाणीव होती. १९०८ मध्ये त्यांनी कवटीच्या अस्थिभंगातही या पद्धतीचा उपयोग मांडला.

पुढे बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात ते मुख्य शल्यचिकित्सक झाले. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये बेल्जियमच्या आघाडीवर त्यांनी जखमी सैनिकांवर उपचार केले. मेंदूपर्यंत पोहोचलेल्या जखमांमधील मृत्यूंचे प्रमाण तीन महिन्यांत सुमारे ५४ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आले. विल्यम ऑस्लर यांच्या चरित्रासाठी १९२६ मध्ये त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचा मुलगा विल्यम मोटार अपघातात मरण पावला. सकाळी ही वार्ता समजल्यावर त्यांनी ती पत्नीला सांगितली आणि त्या दिवशीची ठरलेली शस्त्रक्रिया पूर्ण केली. एप्रिल १९३१ मध्ये त्यांनी मेंदूतील गाठीवरील दोन हजारावी शस्त्रक्रिया केली. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या परंपरेचा एक धागा भारतापर्यंत पोहोचतो. वाइल्डर पेनफिल्ड यांनी तरुणपणी बॉस्टनमध्ये कुशिंग यांच्या विभागात काम केले होते. पुढे माँट्रियल येथे पेनफिल्ड यांच्याकडे शिकलेले डॉ. जेकब चंडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये देशातील पहिला मेंदू शल्यचिकित्सा विभाग सुरू केला.

कुशिंग यांच्यापुढचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. डोक्याला इजा होऊन औषधांनीही दाब आटोक्यात न आलेल्या रुग्णांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर, कवटीचा भाग काढलेल्या रुग्णांपैकी सुमारे २७ टक्के दगावले होते, तर केवळ औषधोपचार सुरू ठेवलेल्यांपैकी सुमारे ४९ टक्के. मात्र वाचलेल्यांपैकी अनेकांना गंभीर परावलंबित्व आले. कवटी उघडल्याने जीव वाचू शकतो; त्या जीवनाचे स्वरूप काय असेल, याचा विचार डॉक्टरांना आणि रुग्णाच्या नातेवाइकांना आजही त्या मोजक्या तासांतच करावा लागतो.